डायनो चाचणी

मोटारीची शक्ती प्रत्यक्ष मोजण्याची एक रीत. गाडीची चालक चाके जमिनीत बसवलेल्या पोलादी रोलरवर ठेवतात, गाडी पट्ट्यांनी जखडतात आणि जागच्या जागी पूर्ण थ्रॉटलवर पळवून चाकांपाशी मिळणारे परिबल व शक्ती यांचा आलेख काढतात. परिबल म्हणजे फिरवणारे बळ, गॅरेजातला टॉर्क. ‘डायनो’ हे डायनॅमोमीटरचे लघुरूप. मराठी परिभाषेत ‘शक्तिमापक’ हा शब्द असला, तरी कामाच्या जागी तो क्वचितच ऐकू येतो. फेरफार केलेल्या स्पोर्ट्स कारच्या संदर्भात ही चाचणी मुख्यतः फेरफारापूर्वीची व नंतरची तुलना करण्यासाठी घेतात. प्रस्तुत नोंदीत नागपूरच्या हवामानात तिचे आकडे कसे वाचावेत याचा विशेष विचार केला आहे.

पूर्वेतिहास : ‘डायनॅमोमीटर’ हे नाव ग्रीक शब्दमुळांवरून फ्रान्समध्ये घडले. १७९८ च्या सुमारास एद्म रेन्ये यांनी माणसांचे व ओढीच्या जनावरांचे स्नायुबळ मोजण्यासाठी कमानीचे एक उपकरण केले व त्याला हे नाव दिले. तत्पूर्वी लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहम यांनी तशाच हेतूचे उपकरण केले होते, म्हणून काही लेखक आद्यत्वाचा मान त्यांना देतात. मात्र या दोन्ही साधनांनी मोजले जाते ते बळ, शक्ती नव्हे. फिरत्या दांड्यावरची शक्ती मोजणाऱ्या आजच्या यंत्रांची वंशावळ गास्पार द प्रोनी यांच्या १८२१ मधील गतिरोधकापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. फिरत्या चाकाभोवती लाकडी ठोकळे आवळायचे आणि त्यांना जोडलेली दांडी वळू नये म्हणून तिच्या टोकाला किती वजन लागते ते पाहायचे, एवढेच त्याचे तत्त्व. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ किंवा बीएचपी या शब्दातला ब्रेक तो हा. गाडी थांबवणाऱ्या ब्रेकशी त्याचा संबंध नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेतील दोराचा गतिरोधक हे त्याच घराण्यातले साधे रूप. जहाजांच्या मोठ्या इंजिनांसाठी विल्यम फ्राउड यांनी १८७७ मध्ये पाण्याच्या विरोधावर चालणारे यंत्र केले. विद्युत् भोवऱ्यांवर (एडी करंटवर) चालणारी यंत्रे १९३० नंतर प्रचारात आली.

अश्वशक्ती या एककाची जन्मकथा अधिक वादग्रस्त आहे. इंजिनाची घोड्यांशी तुलना टॉमस सेव्हरी यांनी १७०२ मध्येच केली होती. आकडा ठरवला तो जेम्स वॉट यांनी, १७८२-८३ च्या सुमारास. तो कसा ठरला याच्या दोन हकिगती आढळतात. पहिलीनुसार गिरणीचा घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या घालतो व १८० पौंड बळाने ओढतो असे धरले. त्यावरून मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड निघतात आणि ते पूर्णांकात ३३,००० केले गेले. दुसरीनुसार खाणीतल्या तट्टांवरून मिनिटाला २२,००० फूट-पौंड काढून त्यात निम्म्याची भर घातली. दोन्हींत शेवटचा आकडा एकच येतो, हे संशयास्पद आहे खरे. दुसरी हकीगत मागाहून रचलेली दिसते. आधीच्या काही अभियंत्यांचे अंदाज वॉटच्या आकड्यापेक्षा कमी होते, त्यामुळे त्याने घोड्याला झुकते माप दिले असे म्हणता येते. इंजिन विकणाऱ्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते, कारण गिऱ्हाइकाच्या घोड्यांपुढे त्याचे यंत्र कमी पडण्याची भीती उरली नाही. काही सेकंदांपुरता मात्र घोडा १४-१५ अश्वशक्तीही देऊ शकतो.

वॉटची अश्वशक्ती म्हणजे ७४५.७ वॉट. युरोपातील मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजे पीएस, ही सेकंदाला ७५ किलोग्रॅम वजन एक मीटर उचलण्याइतकी, ७३५.५ वॉट. फरक दीड टक्क्याहून कमी, पण वाद घालायला पुरेसा. २०१६ मध्ये भारतात आलेल्या फोर्ड मस्टँग जीटीच्या पाच लिटर व्ही-८ इंजिनाची शक्ती कुठे ४०१ पीएस तर कुठे ३९५ बीएचपी अशी छापलेली दिसते. इंजिन तेच, शक्तीही तीच.

यंत्रे व मापनतत्त्व : रोलरच्या डायनोचे दोन प्रकार रूढ आहेत. निरूढीवर (इनर्शिया, म्हणजे गती बदलण्याला होणारा विरोध) चालणाऱ्या यंत्रात ज्ञात निरूढीचा जड रोलर असतो. गाडी त्याला किती त्वरेने गती देते यावरून शक्ती काढली जाते. भार देणाऱ्या यंत्रात विद्युत् गतिरोधक रोलरला धरून ठेवतो, त्यामुळे इंजिन ठरावीक फेऱ्यांवर स्थिर ठेवून ट्यूनिंग करता येते. निरूढीच्या यंत्रावर हलकी अलॉय व्हील्स बसवताच आकडा थोडा वाढतो. इंजिनाने काहीच केलेले नसते, फक्त चाकांना फिरवण्यात कमी शक्ती गेलेली असते.

एक तांत्रिक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. रोलरवरील शक्ती गिअरवर अवलंबून नसते, पण टॉर्क असतो. रोलरवरचा टॉर्क गिअरच्या गुणोत्तराने मोठा झालेला असतो. त्यावरून इंजिनाचा टॉर्क काढायचा तर इंजिनाचे फेरे ठाऊक हवेत. फेऱ्यांचा संकेत चुकीचा घेतला गेला, तर शक्तीचा आकडा बरोबर आणि टॉर्कचा चूक अशी शीट (चाचणीचा छापील अहवाल) हाती पडते. मापपट्टी व एककांची तपासणी मात्र सोपी आहे. फूट-पौंडातील टॉर्क गुणिले फेरे भागिले ५,२५२ म्हणजे अश्वशक्ती. म्हणून या एककांत आणि समान मापपट्टीवर काढलेल्या आलेखात दोन्ही वक्र मिनिटाला ५,२५२ फेऱ्यांवर एकमेकांना छेदलेच पाहिजेत. छेदत नसतील तर मापपट्टी किंवा एकक वेगळे आहे. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये असेल, तर हा नियम लागू नाही. शीटवर चाचणीचा गिअर (सहसा १:१ च्या जवळचा), टायरमधील हवा आणि आलेख किती गुळगुळीत केला आहे, याही नोंदी असाव्यात.

हवामानाची दुरुस्ती आणि नागपूर : इंजिनाची शक्ती ते किती हवा ओढते यावर ठरते, म्हणून मोजलेला आकडा प्रमाण हवेला जुळवून घेतात. प्रमाणे अनेक आहेत. अमेरिकी एसएई संस्थेच्या जे-१३४९ मध्ये २५ अंश सेल्सिअस व कोरड्या हवेचा ९९० मिलिबार दाब, जर्मन डीआयएन ७००२० मध्ये २० अंश व १०१३ मिलिबार, तर जुन्या एसएई प्रमाणात सुमारे १५.५ अंश. जुन्या प्रमाणाने आकडा चार टक्क्यांच्या आसपास फुगतो, आणि विक्रेत्यांना तेच प्रिय असण्याचे कारण वेगळे सांगायला नको.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा सरासरी दाब ९७७ मिलिबारच्या जवळ येतो. पुण्यात, ५६० मीटरवर, तो सुमारे ९४८ असतो. म्हणून दोन शहरांतील दुरुस्ती न केलेले आकडे शेजारी मांडू नयेत. ऋतूंचा फरक त्याहून मोठा. जे-१३४९ च्या सूत्राने उदाहरणादाखल हिशेब केला, तर मे महिन्यातील दुपारी (४५ अंश, कोरडा दाब ९५७ मिलिबार) गुणक (मोजलेल्या आकड्याला ज्याने गुणायचे तो) १.०८ येतो आणि जानेवारीच्या सकाळी (१५ अंश, ९६८ मिलिबार) १.०१ च्या आत. चाकांपाशी दुरुस्त ३४० बीएचपी देणारी गाडी मेमध्ये प्रत्यक्षात ३१५ च्या आसपास आणि जानेवारीत ३३८ दाखवील. मेमध्ये ‘आधी’ची आणि जानेवारीत ‘नंतर’ची चाचणी केली, तर काहीही न बदलता तेवीस घोडे मिळतात. एक्झॉस्ट आणि एअर फिल्टर बदलून मिळणारी वाढ बहुधा याहून कमीच असते. जुलैचा आकडाही अनपेक्षित आहे. तापमान ३० अंशांवर उतरलेले असते, पण पावसाळी हवेत बाष्पाचा दाब ३० मिलिबारपर्यंत जातो, एकूण दाबही उतरलेला असतो आणि गुणक पुन्हा १.०८ च्या घरात येतो. गारव्यामुळे गाडी ‘मोकळी’ वाटते ती बसणाऱ्याला. इंजिनाला मे आणि जुलै यांत फारसा फरक नाही.

दुरुस्ती ही तापमापकाइतकीच खरी. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली आणि देशभर गाजली. ती संवेदकाच्या बिघाडामुळे असल्याचा खुलासा हवामान खात्याने केला. डायनोच्या खोलीतही असेच घडते, फक्त त्याची बातमी होत नाही. रेडिएटरच्या झोतात ठेवलेल्या तापमापकाने ४५ ऐवजी ५६ अंश दाखवले, तर गुणक १.१० होतो आणि वरील गाडीला सुमारे सात बीएचपी फुकट मिळतात.

टर्बो गाड्यांना, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या गाड्यांना, हे सूत्र जसेच्या तसे लावणे योग्य नाही. त्यांचे नियंत्रण बूस्ट (भरलेल्या हवेचा दाब) स्वतःच सांभाळत असल्याने बाहेरच्या दाबाची घट बरीचशी भरून निघते. त्यावर पुन्हा आठ टक्के चढवणे म्हणजे दुहेरी भरपाई. उलट त्यांचा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) लागोपाठच्या रनमध्ये, म्हणजे रोलरवरच्या धावांत, तापतो, नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो आणि आकडा खरोखर उतरतो. गॅरेजचा पंखा महामार्गावरच्या वाऱ्याची जागा घेऊ शकत नाही. एकापाठोपाठ तीन रन घेऊन त्यांतला सर्वांत मोठा नव्हे, तर स्थिर आकडा धरावा.

चाक आणि क्रँक : कंपनीचा आकडा इंजिनाचा, म्हणजे त्याच्या क्रँक या फिरत्या दांड्यावरचा असतो, रोलरचा चाकांचा. मधल्या हानीसाठी सरसकट १५ टक्के धरण्याची प्रथा आहे. हानीचा काही भाग वेगाबरोबर वाढतो, काही भाराबरोबर आणि काही जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे एकच टक्केवारी सर्व गाड्यांना लावण्यास आधार नाही. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांत तर मुळीच नाही. काही यंत्रे रननंतर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून रोलर मंदावताना हानी मोजतात. ती पद्धत बरी, पण त्या वेळी गिअरवर पूर्ण भार नसतो. चाकांपाशी ३४० चे ३६५ झाले, तर वाढ २५ ची. १५ टक्क्यांचा हिशेब लावला की तीच २९ होते. वरचे चार कोणत्याही यंत्राने मोजलेले नाहीत. म्हणून चाकांचा आकडाच सांगावा, हे मत येथे ग्राह्य धरले आहे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एमएच-३१, ४० व ४९ या नागपूरच्या तिन्ही नोंदणी मालिकांना अर्थातच ती लागू आहे.

इंधन : अलीकडे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सार्वत्रिक झाल्याने शीटवरील हवा-इंधन प्रमाणाचा रकानाही जपून वाचावा लागतो. शुद्ध पेट्रोलचे आदर्श प्रमाण १४.७, तर या मिश्रणाचे साडेतेराच्या आसपास. मीटर मात्र बहुधा जुन्याच पट्टीवर आकडा दाखवतो. लॅम्डाच्या एककात (प्रत्यक्ष प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) नोंद घेतली, तर दोन्ही इंधनांसाठी आदर्श बिंदू १.०० हाच राहतो.