७२ टक्के, पण कुणाच्या तुलनेत?

शिरोलीच्या फाउंड्रीत वाळूची धूळ खाल्लेला कामगार असो, गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालणारा असो, की जन्मभर चूल फुंकलेली आजी, धाप वाढली की कोल्हापुरात डॉक्टर ‘पीएफटी’, म्हणजे फुप्फुसांची तपासणी, लिहून देतात. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि समोरून आरडाओरडा: “फुंका, फुंका, अजून फुंका!” मग कागदावर येतं, ७२ टक्के. कशाचे?

हा प्रश्न १८४६ पर्यंत मागे जातो. लंडनच्या जॉन हचिन्सनने पाण्यात उपडं भांडं तरंगत ठेवलं. श्वास आत सोडला की भांडं वर चढायचं. दोन हजारांवर माणसं त्याने फुंकायला लावली. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, चक्क पैलवानही होते. तालमीत वाढलेल्या आपल्या गावाला पटायला जड जाईल, पण फुप्फुसातली हवा छातीच्या घेरावर ठरत नाही, उंचीवर ठरते, असं त्याला आढळलं. इंचामागे साधारण १३० मिलिलिटर! म्हणून तर आजही तपासणीआधी चपला काढून उंची मोजतात. ती चुकीची टिपली, तर पुढचे सगळे टक्के चुकतात.

हवा किती, एवढ्यावर दमा कळत नव्हता. १९४७ मध्ये पॅरिसच्या तिफनोने त्यात घड्याळ आणलं: पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते? एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी, तर श्वासनळ्या अरुंद झाल्याचा संशय. वयस्कर माणसाच्या बाबतीत मात्र ही सरसकट रेघ फसवते, निरोग्यालाही आजारी ठरवते.

आता ते ७२. तेवढ्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाशी तुलना, हे खरं. पण कुठल्या माणसाशी? अमेरिकेत वंशानुसार फुप्फुसातल्या हवेची अपेक्षाच कमी धरायची चाल एकोणिसाव्या शतकातल्या वर्णभेदातून आली आणि यंत्रांत मुरली. ही अपेक्षा काढायच्या २०१२ च्या जागतिक सूत्रांतही भारतीय उपखंडाचा वेगळा गट नव्हता. २०२२ मध्ये वंश वगळलेलं सूत्र आलं. भारतीयांवरून बांधलेली सूत्रंही आहेत, पण यंत्रात कुठलं भरलंय हे पेशंटला कोण सांगतं?

त्यामुळे सूत्र बदललं की तीच फुंकर वेगळे टक्के दाखवते. जुना रिपोर्ट जपून ठेवावा आणि नव्याशी ताडताना आधी लिटरचे आकडे बघावेत.