हायपरट्रॉफिक ऑलिव्हरी डीजनरेशन

मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत (मेंदू मज्जारज्जूला जिथे जोडतो त्या भागात) असलेल्या ‘इन्फिरिअर ऑलिव्ह’ या केंद्रकाचा, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्याचा, दुर्मीळ ऱ्हास. मेंदूचा एखादा भाग झिजू लागला की तो सहसा आक्रसतो. हे केंद्रक मात्र आधी फुगते आणि काही वर्षांनी वाळते. मूळ इजाही बहुधा ऑलिव्हला झालेली नसते. ती वर पॉन्समध्ये (लंबमज्जेच्या लगेच वरचा भाग), त्याच्या वरच्या मध्यमस्तिष्कात किंवा लहान मेंदूत झालेली असते आणि तिचे पडसाद काही महिन्यांनी खाली उमटतात. मऊ टाळूचा व डोळ्यांचा तालबद्ध कंप, हाताची थरथर आणि चालताना जाणारा तोल ही मुख्य लक्षणे.

लंबमज्जेच्या पुढच्या अंगाला दोन्ही बाजूंस ऑलिव्हच्या फळासारखे लांबट उंचवटे दिसतात. त्यांच्या आत, चुण्या पडलेल्या बटव्यासारखे, आतल्या बाजूला तोंड असलेले हे केंद्रक असते. लहान मेंदूतील डेंटेट केंद्रकापासून निघालेले तंतू सुपिरिअर पेडंकल या तंतूंच्या जुडग्यातून वर जातात, मध्यमस्तिष्कात बाजू ओलांडतात, तिथल्या रेड न्यूक्लियस या केंद्रकाजवळून वळतात आणि सेंट्रल टेगमेंटल ट्रॅक्ट या खाली जाणाऱ्या तंतुपट्ट्याबरोबर ऑलिव्हकडे उतरतात. ऑलिव्हचे तंतू पुन्हा बाजू ओलांडून जिथून सुरुवात झाली त्याच लहान मेंदूकडे परततात. या मार्गाला गियाँ-मोलारे त्रिकोण म्हणतात. गियाँ आणि मोलारे या फ्रेंच चेतातज्ज्ञांनी तो १९३१ मध्ये मांडला. २०२५ च्या आरंभी पुण्यात ज्या जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या चेतातंतूंच्या आजाराचे) रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, त्याच्या नावातले गियाँ हेच. दोन्ही आजारांत मात्र नावापलीकडे काही नाते नाही.

त्रिकोणाची कोणती बाजू तुटली यावर सारे ठरते. ऑलिव्हकडे येणाऱ्या वाटेत घाव पडला तर ऑलिव्ह फुगते; ऑलिव्हकडून लहान मेंदूकडे जाणारी तिसरी बाजू तुटल्यास फुगत नाही. कारण असे की, डेंटेटकडून येणारे तंतू ऑलिव्हच्या पेशींना आवर घालत असतात. या पेशी एकमेकींना विद्युत्‌-जोडांनी जोडलेल्या असतात. वरून आवर असतो तोवर प्रत्येक गट आपापल्या वेळी स्पंदतो. आवर सुटला की जोड वाढतात आणि सगळ्या पेशी एका ठेक्यात, सेकंदाला १ ते ३ वेळा, स्पंदू लागतात. लहान मेंदू हा ठेका उचलतो आणि वाढवतो. पुढे सूज ओसरली तरी कंप सहसा थांबत नाही.

बाजू ओळखण्याचा नियम सोपा आहे. घाव सेंट्रल टेगमेंटल ट्रॅक्टमध्ये असेल तर त्याच बाजूचे ऑलिव्ह बिघडते. डेंटेटमध्ये किंवा बाजू ओलांडण्यापूर्वीच्या पेडंकलमध्ये असेल तर विरुद्ध बाजूचे. पॉन्समध्ये मध्यभागी मोठा रक्तस्राव झाला असेल तर दोन्ही.

उच्च रक्तदाबामुळे पॉन्समध्ये झालेला रक्तस्राव हे नेहमी आढळणारे कारण. त्याखेरीज कॅव्हर्नोमा (नाजूक रक्तवाहिन्यांचा पुंजका), रक्तपुरवठा तुटल्याने आलेला झटका, डोक्याला मार आणि लहान मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया; मुलांमध्ये शेवटचे कारण विशेष लक्षात ठेवावे. कोणताही घाव नसताना दोन्ही ऑलिव्ह फुगलेली दिसली तर पीओएलजी या जनुकातील दोष (पेशींच्या ऊर्जानिर्मितीत बिघाड करणारा) किंवा प्रौढ वयातील अलेक्झांडर रोग (मेंदूचा दुर्मीळ जनुकीय आजार) यांचा शोध घ्यावा लागतो.

रुग्ण झटक्यातून सावरत असतो, आणि बरेच महिने उलटल्यावर नवीच थरथर सुरू होते. तपासणीत टॉर्च हवा. रुग्णाला तोंड उघडून, काही न बोलता, जीभ सैल ठेवायला सांगावे आणि मिनिटभर पडजिभेकडे पाहावे: मऊ टाळू मिनिटाला ६० ते १८० वेळा आपोआप वर उचलली जाते. हा कंप झोपेतही चालू राहतो. त्याच तालात डोळे लंबकासारखे हलत असतील तर वाचताना अक्षरे नाचतात, आणि रुग्णाला टाळूपेक्षा याचाच जाच अधिक होतो. हाताच्या थरथरीला होम्स कंप म्हणतात; तो संथ असतो, सेकंदाला ४.५ वेळांपेक्षा कमी. विश्रांतीत थोडा, हात पुढे धरल्यावर जास्त आणि पेला तोंडाकडे नेताना सर्वांत जास्त. स्कॅनमध्ये बदल दिसूनही टाळू स्थिर असणारे रुग्ण पुष्कळ असतात.

एमआरआयच्या टी-२ चित्रात (यात पाण्याचा अंश जास्त असलेला भाग उजळ दिसतो) ऑलिव्ह आधी नुसते उजळ दिसते. साधारण सहा महिन्यांनी ते जाडही होते. तीन-चार वर्षांत जाडी उतरते, उजळपणा मात्र अनेक वर्षे राहू शकतो. घोटाळा इथेच होतो: पूर्वीच्या स्कॅनमध्ये नसलेला लंबमज्जेतला उजळ ठिपका म्हणजे नवा झटका, गाठ परत आली किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस, असे वाटते आणि नको त्या तपासण्या, नको ते उपचार सुरू होतात. बदल ऑलिव्हपुरताच आहे, शिरेतून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट द्रव्य दिल्यावर तो उजळत नाही आणि त्रिकोणाच्या वाटेवर जुना घाव आहे, या तीन गोष्टी जुळल्या तर निदान पक्के धरता येते. जुनी चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय अहवाल लिहू नये. जाड कापांच्या स्कॅनमध्ये एवढासा भाग निसटतोही.

ऱ्हास थांबवणारे औषध नाही. डोळ्यांच्या कंपासाठी गॅबापेंटिन किंवा मेमँटिन, होम्स कंपासाठी लेव्होडोपा वापरून पाहतात. गुण सर्वांना येत नाही. क्लोनाझेपामने कंप थोडा कमी झाला तरी गुंगी येते आणि आधीच डळमळणारी चाल आणखी बिघडते, म्हणून ते अगदी कमी मात्रेपासून सुरू करतात. हाताचा कंप औषधांना दाद देत नसेल तर निवडक रुग्णांत मेंदूच्या खोल भागातील थॅलॅमसमध्ये इलेक्ट्रोड बसवतात. टाळूत स्नायू ढिले करणारे बोट्युलिनम इंजेक्शन देताना गिळण्याचा अंदाज आधी घ्यावा लागतो. टाळू ढिली पडली तर पाणी नाकात येते आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.