ई-पुस्तक व ई-रीडर

संगणक, मोबाइल किंवा केवळ वाचनासाठी केलेल्या यंत्राच्या पडद्यावर वाचायचे पुस्तक म्हणजे ई-पुस्तक. अशा खास यंत्राला ई-रीडर म्हणतात. बोलण्यात या दोन्हींना सर्रास ‘किंडल’ म्हटले जाते, पण ते ॲमेझॉन कंपनीचे व्यापारनाम आहे.

उगम : पहिले ई-पुस्तक कोणते, याबाबत मतभेद आहेत. स्पेनमधील शिक्षिका आंखेला रुइस रोब्लेस यांच्या ‘यांत्रिक ज्ञानकोशा’चे पेटंट १९४९ चे आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक भाग नव्हते, त्यामुळे त्याला फार तर पूर्वसूरी म्हणता येईल. इटालियन जेझुइट धर्मगुरू रोबेर्तो बुसा यांनी आयबीएम या संगणक कंपनीच्या साहाय्याने मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ सेंट थॉमस अक्वायनस यांच्या लेखनाची शब्दसूची करायला घेतली, ती साधारण याच सुमारास. तिच्यात मजकूर यंत्रवाच्य झाला खरा, पण हेतू शब्द शोधण्याचा होता, पुस्तक वाचण्याचा नव्हे. बहुतेक लेखक मान देतात तो मायकेल हार्ट यांना. त्यांनी ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित केला आणि त्यातून विनामूल्य ई-पुस्तकांचा ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ उभा राहिला. त्या दिवसाचा वृत्तांत मुख्यतः हार्ट यांच्याच कथनावर आधारलेला आहे, आणि प्रकल्पाच्या सूचीत पहिल्या क्रमांकाच्या या पुस्तकापुढे महिना डिसेंबर १९७१ असा आहे. तेव्हा वर्ष निश्चित आणि दिवस परंपरेने मानलेला, असे धरणे बरे. कोणीही प्रत घ्यावी आणि वाचावी, हा हेतू मात्र येथे प्रथम स्पष्ट दिसतो.

‘रॉकेट ई-बुक’ व ‘सॉफ्टबुक’ ही १९९८ मधील यंत्रे एलसीडी पडद्याची होती. ई-शाईचा (विजेने सरकणाऱ्या काळ्या-पांढऱ्या कणांचा) पडदा असलेले सोनीचे ‘लिब्रिए’ २००४ मध्ये जपानात, तर किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत आले.

पडदा : ई-शाईचे तंत्र अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेतील जोसेफ जेकबसन यांच्या गटाचे असून त्यासाठीची ‘ई इंक’ कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या किंवा त्याहून बारीक कुप्या असतात. त्यांतील पारदर्शक द्रवात धनभारित पांढरे आणि ऋणभारित काळे कण तरंगतात. मागच्या ट्रान्झिस्टरांच्या थराने सुमारे १५ व्होल्ट दाब दिला, की एका रंगाचे कण वर येतात. दाब काढला तरी ते तिथेच राहतात. म्हणून वीज पान उलटताना लागते, वाचताना नाही. बॅटरी उतरते ती मुख्यतः वाय-फाय आणि कडेच्या दिव्यांमुळे. कण पूर्ण सरकले नाहीत, तर आधीच्या पानाची पुसट सावली उरते. ती घालवण्यासाठी पडदा मधूनमधून पूर्ण काळा-पांढरा होतो, तो बिघाड नव्हे. थंडीत द्रव दाट होऊन पान सावकाश बदलते. बहुतेक यंत्रांत ट्रान्झिस्टरांचा थर काचेवर असतो. बॅगेत दाब पडून ती काच तडकली, तर वरचा पृष्ठभाग शाबूत दिसतो, पण अर्धे पान कायमचे गोठते. यावर पडदा बदलण्यावाचून उपाय नाही.

फाइलप्रकार : पीडीएफमध्ये पान ठरलेल्या मापाचे असते. ५.५ × ८.५ इंचांचे डेमी पान सहा इंची ई-रीडरवर (पडदा सुमारे ३.६ × ४.८ इंच) अख्खे बसवले, तर १२ पॉइंटचे अक्षर ७ पॉइंटच्याही खाली येते आणि अनुस्वार-मात्रा गळल्यासारख्या दिसतात. समास कापल्याने थोडाच फरक पडतो. ईपबमध्ये मजकूर पडद्याप्रमाणे वाहतो. २००७ मध्ये मान्य झालेला हा प्रमाण प्रकार म्हणजे एक झिप गठडीच असते. तिच्यात एक्सएचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतील प्रकरणे, मांडणी ठरवणारे शैलीपत्र, चित्रे आणि वाचनक्रम सांगणारी ओपीएफ फाइल असते. ‘माइमटाइप’ नावाची फाइल सर्वांत आधी आणि न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवावी लागते. गठडी सोडून दुरुस्ती केली आणि नेहमीच्या झिप साधनाने पुन्हा बांधली, की नेमका हाच नियम मोडतो आणि तपासणीत पुस्तक नापास होते.

विकत घेतलेले ई-पुस्तक बहुधा कुलूपबंद असते आणि ग्राहकाला मिळतो तो वाचनाचा परवाना. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती.

मराठी ई-पुस्तके : किंडलवर मराठी पुस्तकांची विक्री २०१६ च्या अखेरीस सुरू झाली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, पण पीडीएफ रूपात. अडचण जुन्या फॉन्टांची आहे. श्री-लिपीसारख्या प्रणालीत जुळवलेल्या पुस्तकात पानावर ‘क’ दिसतो, तिथे फाइलीत एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. असा मजकूर थेट ईपबमध्ये नेला, की निरर्थक चिन्हे उमटतात. त्या-त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये (सर्व लिपींच्या सामाईक संगणकीय संकेतपद्धतीत) नेणारा परिवर्तक लागतो, आणि तोही ऱ्हस्व वेलांटी व रफार यांवर अडखळतो. कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराआधी टंकली जाते, युनिकोडमध्ये नंतर. फाइलीत भाषेचा संकेत ‘एमआर’ दिला नाही, तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटू शकतात. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, त्यामुळे जुन्या यंत्रांवर त्याच्या जागी चौकोन दिसतो. सर्वांत फसवे अक्षर ‘ऱ्या’. ते नुक्त्याच्या ‘ऱ’पासून करता येते, तसेच साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य सांधक जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने टंकलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर बहुतेक यंत्रे तो पुस्तकात नाही असेच सांगतात. म्हणून संपादनाच्या वेळीच सर्व जागी पहिले रूप करून घ्यावे लागते.