सूज नसलेला ताठ कणा: 'डिश'च्या निदानामागची गोष्ट
म्हाताऱ्या माणसाची पाठ ताठरली तर वय झालं म्हणायचं, आणि एक्स-रेत मणके जुळलेले दिसले तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (दाहामुळे मणके जुळवणारा संधिवात), असा सरधोपट हिशेब बराच काळ चालला. 1950 मध्ये फ्रेंच डॉक्टर जाक फॉरेस्तिए आणि त्यांचे कॅटलन सहकारी जाउमे रोतेस-केरोल यांनी तो मोडला. मणक्यांच्या पुढच्या अस्थिबंधाचं हाड होतं, पण सांध्यांत दाह नसतो, असा वेगळाच आजार त्यांनी वृद्धांमध्ये दाखवला. तोच आजचा 'डिश'. (फॉरेस्तिए हा भलताच माणूस. संधिवातावर सोन्याची इंजेक्शनं त्यांनी रूढ केली आणि त्याआधी 1920 च्या ऑलिम्पिकमध्ये रग्बीचं रौप्यपदकही मिळवलं.)

टाचा, कोपरं, गुडघे इथेही कंडरा जिथे हाडाला चिकटतात तिथे हाड वाढतं, हे 1975 मध्ये डोनाल्ड रेस्निक आणि सहकाऱ्यांनी मांडलं. 'डिश' (डिफ्यूज इडिओपॅथिक स्केलेटल हायपरोस्टोसिस, म्हणजे कारण न कळलेली, सांगाडाभर पसरलेली हाडांची वाढ) हे नाव तेव्हाचं. पुढच्याच वर्षी रेस्निक आणि निवायामा यांनी दिलेले निकष आजही वापरले जातात: सलग किमान चार मणक्यांवरून पुढच्या बाजूने वाहत गेलेलं हाड, मधल्या गाद्यांची उंची बऱ्यापैकी शाबूत, आणि मणक्यांचे मागचे छोटे सांधे व कमरेखालचे सेक्रोइलियाक सांधे न जुळलेले. म्हणजे निदानाचं निम्मं वजन 'काय दिसत नाही' यावर.

छातीच्या मणक्यांचा एक्स-रे पाहिला तर वितळून ओघळलेल्या मेणासारखा हा पट्टा बहुतेकदा उजवीकडेच असतो. डावीकडे महाधमनी सतत ठोके देत असते, ती हाड धरू देत नाही, असं मानतात. ज्यांचे अवयव जन्मतः उलट बाजूला आहेत, त्यांच्यात तो डावीकडे सापडला, हा त्याचा मोठा आधार.

1973 मध्ये एचएलए-बी27 हा आनुवंशिक घटक आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस यांचं नातं कळलं, तेव्हा दोन आजार वेगळे ओळखायला रक्ततपासणीचीही मदत झाली. पण तो घटक निरोगी माणसांतही असतो, त्यामुळे निकाल फिल्मवरच लागतो. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसच्या ममीला एक्स-रेवरून कित्येक वर्षं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच म्हटलं जात होतं. 2014 मध्ये सीटी स्कॅनच्या अभ्यासातून 'डिश'कडे बोट दाखवलं गेलं.

माझ्या मते चार मणक्यांची अट ही या निकषांची खरी अडचण. ती पुरी होईपर्यंत आजार मुरलेला असतो. त्यात सीटीमुळे नवा पेच: 'डिश'मध्येही सेक्रोइलियाक सांध्याच्या पुढून हाडाचा पूल बांधला जातो, आणि साध्या एक्स-रेवर तो सांधा जुळल्यासारखा भासू शकतो.