सर्व्हर मेलाय की नुसता गप्प बसलाय?

डेटाबेसचा एक सर्व्हर आहे, त्याच्या जोडीला अजून दोन आणायचे, पहिला पडला की दुसरा काम हातात घेईल, झाली हाय अव्हेलेबिलिटी (म्हणजे सेवा सतत चालू राहणं), असं बऱ्याच जणांना वाटतं. पण मशीन आणून रॅकमध्ये बसवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी डोकेफोड पुढेच, पहिला सर्व्हर खरंच पडलाय हे बाकीच्यांना कळणार कसं?

क्लस्टरमधले, म्हणजे एका गटात जोडलेले, सर्व्हर एकमेकांना सारखे छोटे छोटे मेसेज पाठवत असतात, मी आहे, मी आहे, मी आहे. याला हार्टबीट म्हणतात. समजा हे मेसेज यायचे थांबले. वीज गेली असेल, केबल सुटली असेल, मधला स्विच बिघडला असेल, किंवा मशीन ठणठणीत असेल पण डिस्कच्या कामात इतकं अडकलं असेल की त्याला उत्तर द्यायला सवड नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे चारही प्रकार अगदी सारखेच दिसतात! १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी गणिताने सिद्ध केलं की मेसेजला किती उशीर लागेल याची मर्यादाच नसेल आणि एखादं मशीन बंद पडू शकत असेल, तर सगळ्यांचं एकमत नक्की होईलच अशी खात्री देणारी कुठलीही ठरावीक पद्धत असू शकत नाही. म्हणून आपण टाइमआउट लावतो, म्हणजे इतके सेकंद वाट बघायची आणि मग तो मेला असं धरून चालायचं. हा अंदाज आहे आणि अंदाज कधी ना कधी चुकणार, हे धरूनच सगळी तयारी करावी लागते.

चुकला तर काय होतं बघा. जुना प्रायमरी, म्हणजे नोंदी स्वीकारणारा मुख्य सर्व्हर, जिवंतच आहे, त्याच्यावर ऑर्डर लिहिल्या जातायत, आणि तिकडे स्टँडबायने, म्हणजे राखीव सर्व्हरने, स्वतःला प्रायमरी करून घेतलं, त्याच्यावरही ऑर्डर लिहिल्या जातायत. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात आणि माझ्या मते डेटाबेस बंद पडण्यापेक्षा हे कितीतरी वाईट, कारण बंद पडलेला परत चालू करता येतो पण दोन वेगवेगळ्या खऱ्या वह्या झाल्या की कुठली धरायची हे माणसाला एकेक नोंद बघून ठरवावं लागतं.

यावर उपाय दोन आणि दोन्ही लागतात. पहिला कोरम, म्हणजे बहुमत. तीन सर्व्हर असतील तर निदान दोघं एकमेकांना दिसत असतील तरच निर्णय घ्यायचा, एकटा पडलेल्याने गप्प बसायचं. म्हणून मतं विषम ठेवतात, ३ किंवा ५. चार ठेवून फायदा नाही, कारण बहुमताला तीन लागतात, म्हणजे तीनमध्येही एकच गमावता येतो आणि चारमध्येही एकच. तिसऱ्या पूर्ण सर्व्हरचं बजेट नसेल तर नुसतं मत देणारा छोटा विटनेस चालतो, फक्त तो या दोघांपैकी कुणाच्याही खोलीत, कुणाच्याही वीजेवर ठेवू नका.

दुसरा उपाय फेन्सिंग. ज्याच्यावर संशय आहे त्याची वीज रिमोटने खरोखर तोडायची आणि मगच दुसऱ्याला प्रायमरी करायचं. ॲडमिन लोक याला स्टोनिथ म्हणतात, शूट द अदर नोड इन द हेड, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या डोक्यात गोळी घाला. नाव क्रूर आहे पण विचार बरोबर आहे, मेलाय का हे कळत नसेल तर आधी तो नक्की बंद करा.

२१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या नेटवर्कमध्ये देखभालीचं काम चालू असताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात बहुमत झालं, पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस प्रायमरी झाले, पण पूर्वेकडच्या शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी तिकडे पोचल्याच नव्हत्या. आता दोन्हीकडे अशा नोंदी होत्या ज्या दुसरीकडे नव्हत्या, आणि डेटा न गमावता सगळं पूर्ववत करायला २४ तास ११ मिनिटं लागली. कोरम होतं तरीही हे झालं, म्हणून म्हणतो की कोण कुठल्या परिस्थितीत प्रायमरी होऊ शकतो हे आधी बसून ठरवा.

त्या नोंदी का पोचल्या नव्हत्या? इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटरवर जाऊन यायला १ मिलिसेकंद, ४००० किलोमीटरला ४०. रेप्लिकेशन म्हणजे नोंदींची नक्कल दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणं. सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये प्रत्येक कमिट, म्हणजे नोंद पक्की करणं, दुसऱ्याची पोच येईपर्यंत थांबतं, डेटा सुरक्षित पण सगळं हळू. असिंक्रोनसमध्ये थांबत नाही, पण प्रायमरी गेला की शेवटचं थोडं जाऊ शकतं. किती गेलं तर चालेल हे धंदा चालवणाऱ्याला विचारा, ॲडमिनने एकट्याने ठरवू नये. डाउनटाइमचंही तसंच, ९९.९ टक्के वेळ चालू म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद चालेल, ९९.९९९ म्हणजे जेमतेम पाच मिनिटं, आणि पाच मिनिटांत झोपलेला माणूस उठून लॉगिन सुद्धा करत नाही, तिथे फेलओव्हर, म्हणजे काम दुसऱ्या सर्व्हरकडे जाणं, आपोआपच लागतो.

बाकी तयारी नेहमीची, सगळ्यांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) जुळवा, डेटाबेसचं व्हर्जन एकच ठेवा, हार्टबीटला दोन वेगळे मार्ग द्या, ॲप्लिकेशनला सर्व्हरचा खरा पत्ता न देता व्हर्च्युअल आयपी, म्हणजे त्या वेळच्या प्रायमरीकडे वळवता येणारा पत्ता, द्या. आणि बॅकअप वेगळा हवाच, कारण चुकून टेबल उडवलं तर रेप्लिकेशन ते उडवणंही इमानदारीने सगळीकडे पोचवतं.

मग चालू करायच्या आधी, खऱ्यासारखा लोड असताना, प्रायमरीची नेटवर्क केबल ओढा. नुसतं शटडाउन करून बघू नका, शटडाउन होणारा सर्व्हर निरोप देऊन जातो. केबल ओढल्यावर किती सेकंदांत दुसरा उभा राहिला, जुन्याची वीज खरंच तुटली का, किती नोंदी गेल्या हे लिहून ठेवा, आणि जुना परत जोडल्यावर तो स्वतःला अजून प्रायमरी समजतोय का हे सगळ्यात आधी बघा.