‘उद्या नक्की’ : चालढकलीची जुनी गोष्ट

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ एकदा वर्षभर भारतात राहायला होते. त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ भेटायला आले आणि परत जाताना सामान जास्त झालं म्हणून कपड्यांचा एक खोका मागे ठेवून गेले. तो अमेरिकेला पाठवून द्यायचा, एवढंच काम. त्यात एक अख्खा दिवस मोडेल असा अ‍ॅकरलॉफ यांचा अंदाज होता. मग आठ महिन्यांहून अधिक काळ ते रोज सकाळी उठून ठरवत राहिले, की उद्या नक्की पाठवायचा. अखेर दुसऱ्या एका मित्राचं बरंचसं सामान जाणार होतं, त्यात हा खोकाही गेला.

१९९१ साली अ‍ॅकरलॉफ यांनी चालढकलीवर शोधनिबंध लिहिला, तो या खोक्यापासूनच सुरू होतो. आजचा त्रास डोळ्यांसमोर ठळक उभा असतो, उद्याचा फिका दिसतो. म्हणून रोजचा निर्णय सुटा पाहिला तर त्यात फारसं काही चुकत नाही. एका दिवसाने काय बिघडतं? बेरीज मात्र आठ महिने होते. २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेलच्या मानकऱ्यांत हे दोघेही मित्र होते. अशा माणसाला आळशी कसं म्हणायचं? तरीही कामं पुढे ढकलणाऱ्याला आपण पहिली शिवी आळशीपणाचीच देतो. ही गल्लत जुनी आहे, आणि माझ्या मते तिने या सवयीशी झगडणाऱ्यांचं फार नुकसान केलं आहे.

गंमत अशी की सर्वांत जुन्या ग्रंथांत हा फरक दिसतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणं सांगताना ‘अलसः’ हा शब्द येतो, पण तेवढ्यावर भागत नाही. पुढे ‘विषादी दीर्घसूत्री च’ असं येतं. म्हणजे आळशी हा एक, कामाचा धागा लांबवत बसणारा दुसरा, आणि त्याला खेटून बसलेला शब्द खिन्न माणसाचा. ग्रीसमध्ये ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास हेसिऑडने शेतकऱ्याला बजावलं होतं की काम उद्या-परवावर टाकू नकोस. त्यात उपदेश आहे, मनाचा ठाव नाही.

तो ठाव घेतला चौथ्या शतकात, इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती संन्याशाने. एकट्याने खोलीत बसून प्रार्थना आणि हाताने काम, असा तिथला दिनक्रम. सकाळी दहाच्या सुमारास संन्याशाचं मन उठायला लागतं. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो. तो खिडकीकडे पाहतो, बाहेर येतो, जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे ते उन्हावरून मोजतो, कोणी सोबती येताना दिसतो का म्हणून मान वळवतो. या अवस्थेला इव्हाग्रियसने ‘अकेडिया’ म्हटलं, दुपारचा राक्षस म्हटलं. खिडकीच्या जागी हातातला फोन ठेवला की चित्र ओळखीचं होतं. मला त्याचा उपाय अधिक भावतो. अशा वेळी आपल्या मनाचे दोन भाग करावेत, एकाने धीर द्यावा आणि दुसऱ्याने तो घ्यावा, असं तो सांगतो. त्याने चाबूक उगारायला सांगितलं नाही.

पुढे हे समजणं हरवलं. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिले यांनी मनाला ग्रासणाऱ्या दोषांची यादी नव्याने मांडली, तेव्हा अकेडिया दुःखात विरघळली. नंतरच्या सात महापापांच्या यादीत ती जागा आळसाला मिळाली. मनाची एक अवस्था होती, तिचं पाप झालं. पापावर इलाज एकच, अपराधी वाटून घेणं.

१७५१ च्या जूनमध्ये सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या नियतकालिकात चालढकलीवर निबंध लिहिला. आज कोणत्या विषयावर लिहावं याचा विचार करत आपण बसून राहिलो आणि छापखान्याचं बोलावणं आल्यावर भानावर आलो, अशी सरळ कबुली त्यात सुरुवातीलाच आहे. ही दुर्बलता कमी-अधिक प्रमाणात प्रत्येक मनात असते, असं ते लिहितात. आठवड्यातून दोनदा मजकूर देणारा, पुढे एकहाती म्हणावा असा इंग्रजी शब्दकोश पुरा करणारा हा माणूस.

मानसशास्त्राने विषय गंभीरपणे हाती घेतला तो १९८० च्या दशकात. १९८४ साली लॉरा सॉलोमन आणि एस्थर रॉथब्लम यांनी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा वेळेचं नियोजन न जमणं एवढंच कारण पुरेना. अपयशाची भीती आणि कामाविषयीची नावड पुढे आली. २०१३ साली फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी ते आणखी स्पष्ट मांडलं, की माणूस काम टाळतो तेव्हा खरं तर त्या कामासोबत येणारी अस्वस्थता टाळत असतो. फाइल उघडली, छातीत धस्स झालं, फाइल मिटली, बरं वाटलं. हे बरं वाटणंच सवय पक्की करतं.

कारण असं बदललं की उपायही बदलतात. १९९७ साली पीटर गोलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रँडस्टेटर यांनी जर्मनीतल्या विद्यार्थ्यांना नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली याचा वृत्तान्त ४८ तासांत लिहायला सांगितलं. त्यांतल्या निम्म्यांकडून आपण तो नेमका कुठे आणि केव्हा लिहिणार, हे आधी ठरवून घेतलं. त्या गटातल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी वेळेत लिहिलं. बाकीच्यांत हे प्रमाण जेमतेम एक-तृतीयांश होतं. ‘उद्या’ला टेबल आणि घड्याळ मिळालं, एवढाच काय तो फरक.

आणि २०१० साली मायकेल वोल, पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्याने पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांना दोन परीक्षांमध्ये पाहिलं. पहिल्या परीक्षेचा अभ्यास टाळल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसरीच्या वेळी चालढकल कमी केली. स्वतःवरचा राग ओसरला, तशी पुन्हा पुस्तक उघडण्याची धास्तीही ओसरली.