खुर्ची मिळते, गादी राहून जाते

मुंबईत मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसासाठी मदत मागायला गेलं, की व्हीलचेअरचे पैसे उभे राहतात. तिच्यावर घालायच्या गादीसाठी मात्र खेटे घालावे लागतात. याचं मूळ पोलिओच्या काळात सापडतं.

१९४७ साली फातिमा इस्माईल यांनी मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था काढली, तेव्हा समोर होती पोलिओची मुलं. १९५५ मध्ये हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. अपंगांसाठी साधनं बनवणारी कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को १९७२ ची, तर साधनं देणारी केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१ ची. कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट), कुबड्या, हाताने फिरवायची तीनचाकी सायकल, घडीची व्हीलचेअर ही यादी त्याच काळात रुळली. धर्मादाय ट्रस्टांच्या डोक्यातही तीच बसली.

पोलिओत स्नायू जातात, स्पर्श शाबूत राहतो. बूड अवघडलं की माणूस आपसूक सरकून बसतो. मज्जारज्जू दुखावलेल्याला ते कळतच नाही. बसकणीच्या हाडांखाली रक्त पोचत नाही, कातडी आधी लाल होते, मग फुटते. दर पंधरा-तीस मिनिटांनी हातांवर उचलून किंवा पुढे झुकून भार हलवावा लागतो. मानेची इजा असेल तर बहुतेकदा तेही दुसऱ्याने करायचं. म्हणून मऊ जेल भरलेली किंवा हवेच्या कप्प्यांची गादी हा उपचाराचाच भाग आहे. कोटेशनमध्ये ती ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणून शेवटी लिहिली, की कात्री पहिल्यांदा तिच्यावरच चालते. खुर्ची आणि गादी एकाच ओळीत, एकाच रकमेत मागावी.

ट्रस्ट सहसा चेक दुकानदाराच्या नावाने काढतात. त्यामुळे कोटेशन चुकलं तर खुर्चीही चुकीचीच येते. बसल्यावर नितंबांची जी रुंदी भरते ती अधिक एक इंच ही सीटची रुंदी. पाठीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतचं अंतर वजा दोन इंच ही सीटची खोली. डॉक्टरांच्या पत्रात ही मापं आणि इजेची पातळी हवी. अठरा इंची सीटची साधी खुर्ची चाकांसकट पंचवीस-सव्वीस इंच भरते. चाळीतला मोरीचा दरवाजा तेवढा नसतो, आणि हे कळतं ते खुर्ची घरी आल्यावर. खुर्चीचे हात काढता येणारे नसतील तर पलंगावर सरकताना कातडी घासते, ते वेगळंच.

२०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याच वर्षीच्या सुधारणेत ‘एडिप’मध्ये मोटरच्या तीनचाकीला २५ हजारांपर्यंत मदत आली, वरची रक्कम खासदार निधीतून किंवा ट्रस्टकडून जमवायची. तेच साधन ठरावीक वर्षं उलटल्याशिवाय पुन्हा मागता येत नाही, ही अट जुनीच. रोज वापरातल्या गाडीची बॅटरी बहुधा त्याआधीच मान टाकते, आणि दुरुस्तीसाठी देणगी मागणारा अर्ज कुठल्या फाइलला लावायचा हे ट्रस्टच्या कारकुनालाही ठाऊक नसतं.